पुण्याहून सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती आणि वेळ किती धरायचा?

सिंहगड रस्त्यावरच्या एका ताईंनी विचारलंय. आई-बाबा सत्तरी ओलांडलेले, पहिल्यांदाच भावाकडे सॅन होजेला निघालेत. ताईंनी पुणे ते सॅन फ्रान्सिस्को अंतर शोधलं, तर एका ठिकाणी १३,५४०, दुसरीकडे ८,४१३ आणि तिसरीकडे १५,०९० असे आकडे मिळाले. उड्डाणाचा वेळ साडेपंधरा तास लिहिलेला, पण एजंटने पाठवलेल्या पर्यायांत २३ तासांपासून ३१ तासांपर्यंत काय वाट्टेल ते. शिवाय जायचा वेळ आणि यायचा वेळ जुळत नाही. "यातलं खरं काय मानायचं, आणि दोघांना कुठल्या मार्गाने पाठवायचं?" असा त्यांचा प्रश्न आहे.

मी नोकरीची बहुतेक वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. विमान निघायच्या आधी त्याचा मार्ग, इंधन, वाटेत काही झालंच तर उतरायचे विमानतळ हे सगळं जमिनीवर बसून ठरवायचं, ते आमचं काम. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी त्या तीन आकड्यांचा निकाल लावू. १३,५४० किलोमीटर आणि ८,४१३ हे एकच अंतर आहे, दुसरं मैलांत दिलंय. विमानवाले तिसराच मैल वापरतात, सागरी मैल. तो १.८५२ किलोमीटरचा असतो, त्यामुळे उद्या कुठे ७,३१० असा आकडा दिसला तर दचकू नका. १५,०९० हे दुबईमार्गे जाण्याचं अंतर आहे: पुणे-दुबई सुमारे २,०५० आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०४०. या साइटवाल्यांची अडचण अशी की आकडा दिल्यावर तो कशाचा आहे हे सांगायची त्यांना गरज वाटत नाही.

आता १३,५४० म्हणजे नेमकं काय? पृथ्वीच्या गोलावर लोहगावचा विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ यांना जोडणारी सगळ्यात आखूड रेषा. हिला बृहद्वृत्तीय अंतर म्हणतात. भिंतीवरच्या नकाशात ही रेषा दिसत नाही. तिथे आपण पट्टी लावतो आणि वाटतं की विमान अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक असं डावीकडे जाणार. अप्पा बळवंत चौकातून मुलांसाठी आणलेला पृथ्वीगोल घरात असेल तर त्यावर एक दोरा ताणून बघा. दोरा डावीकडे जातच नाही. तो पुण्याहून सरळ उत्तरेकडे, किंचित उजवीकडे कललेला निघतो. लडाख, तकलामकानचं वाळवंट, अल्ताई पर्वत, सायबेरिया असं करत तो लेना नदीच्या मुखापाशी पोचतो, आणि तिथे कुठे प्रवास निम्मा होतो. पुढे पूर्व सायबेरियाच्या समुद्रावर साडेपंच्याहत्तर अंश अक्षांशाच्याही थोडा वर चढतो, मग अलास्काच्या उत्तर टोकावरून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली कॅलिफोर्नियात उतरतो. पुण्याचा रेखांश ७४ अंश पूर्व, तिकडचा १२२ अंश पश्चिम. दोघांत जवळजवळ १६४ अंशांचं अंतर. म्हणजे पृथ्वीला अर्धी फेरी घालायला थोडंच कमी. इतकं समोरासमोर असलं की जवळची वाट ध्रुवाच्या बाजूने जाते.

या दोऱ्यातली एक गंमत पुणेकरांच्या कामाची आहे. दिल्लीचा विमानतळ या रेषेपासून जेमतेम दहाएक किलोमीटरवर येतो. म्हणजे पुणे-दिल्ली साडेअकराशे किलोमीटर आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०, बेरीज केली तर थेट अंतराएवढीच. दिल्लीला थांबलो म्हणून वाकडी वाट झाली असं होत नाही. मुंबईमार्गे जेमतेम शंभर किलोमीटर जास्त. फ्रँकफर्टमार्गे १५,८०० पर्यंत जातं आणि सिंगापूरमार्गे सुमारे १७,४००. हे आकडे ऐकून लगेच सिंगापूरवर काट मारू नका, त्याचं पुढे बघू.

साडेपंधरा तास कुठून आले, तेही सांगतो. साइटवाला १३,५४० ला ताशी ९०० किलोमीटरने भागतो, पंधरा तास तीन मिनिटं येतात, त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतो आणि छापतो. विमान कुठलं, महिना कुठला, वारा कुठला, कशाचा पत्ता नाही. पुण्याहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान जात नाही हेही त्याला ठाऊक नसतं, कारण त्याच्याकडे फक्त दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश असतात.

थेट का जात नाही, हे बरेच लोक चिडून विचारतात. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी त्यांची, आपली प्रवासी विमानं तिथे पाहुणी. सुखोईंचा सराव चालू असताना आपण वाट बघतो. पण त्यापेक्षा मोठी अडचण लांबीची आहे. धावपट्टी साधारण अडीच किलोमीटरची, समुद्रसपाटीपासून जवळपास ५९० मीटर उंचीवर. आता सॅन फ्रान्सिस्कोला न थांबता जाऊ शकणाऱ्या बोइंग ७७७-२००एलआरचं उदाहरण घ्या. त्याचं उड्डाणाचं कमाल वजन ३४७ टनांच्या आसपास, त्यातलं शंभर टनांहून जास्त नुसतं इंधन. उंचीवर हवा विरळ, त्यात एप्रिल-मेमधली ४० अंशांची दुपार. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो, धाव लांबते. अडीच किलोमीटरमध्ये ते विमान हवेत जाईल, पण टाक्या आणि खुर्च्या निम्म्या रिकाम्या ठेवून. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची आणि समुद्राच्या पातळीवर आहे, म्हणून हे काम तिथून होऊ शकतं. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडे नवीन टर्मिनल सुरू झालं, छान आहे, पण टर्मिनल मोठं झाल्याने धावपट्टी लांबत नाही. पुरंदरच्या नियोजित विमानतळाचं काय होतं ते बघायचं.

आता खरा विषय, वारा. ताई, तुमच्या प्रश्नातला अर्धा गोंधळ याच्यामुळे आहे.

विमानाचा वेग हवेच्या तुलनेत मोजला जातो. ७७७ आपल्या उंचीवर आवाजाच्या वेगाच्या ८४ टक्क्यांनी चालतं, म्हणजे ताशी ८९० किलोमीटरच्या जवळपास. (आवाजाचा वेग तापमानावर ठरतो, त्यामुळे ध्रुवाकडच्या उणे ७० अंशांच्या हवेत तेच विमान ताशी पंचवीसेक किलोमीटर हळू होतं. हे कुठल्याच साइटवर दिसणार नाही.) पण ती हवा स्वतः जागेवर नसते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास आणि पॅसिफिकवर हा वारा ताशी दोनशे किलोमीटर सहज असतो, कधी तीनशेच्या पुढे जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी याला सहा-सात तास लागतात. अंतरात एका किलोमीटरचाही फरक पडलेला नव्हता.

हिशेब करून बघा. १३,५०० किलोमीटर, वारा शांत: पंधरा तास दहा मिनिटं. सरासरी ताशी ६० किलोमीटरचा पाठचा वारा मिळाला तर सव्वाचौदा तासांच्या आत. तोच वारा समोरून आला तर सोळा तास सोळा मिनिटं. जाण्या-येण्यात दोन तासांचा फरक इथेच झाला, आणि ६० हा आकडा काही मोठा नाही. नीट पाहिलंत तर अजून एक गोष्ट दिसेल: पाठच्या वाऱ्याने जेवढं वाचवलं त्यापेक्षा समोरच्या वाऱ्याने जास्त खाल्लं. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. म्हणून जाण्याची आणि येण्याची सरासरी काढून "साधारण इतका वेळ" म्हणायची सवय आमच्यात कोणाला नसते.

फ्लाइट प्लॅनच्या कागदावर हा वारा फार कोरडेपणाने लिहिलेला असतो. पी ०४५ म्हणजे संपूर्ण वाटेवर सरासरी ४५ नॉटचा (म्हणजे ताशी ४५ सागरी मैलांचा) पाठचा वारा, एम ०३२ म्हणजे ३२ नॉटचा समोरचा. पहाटेच्या शिफ्टला कॅप्टन यायचे, कागदांचा गठ्ठा हातात घ्यायचे आणि पहिली नजर इंधनाच्या आकड्यावर. मग पी की एम. मग पर्यायी विमानतळ आणि तिथलं हवामान. अंतराच्या आकड्यावर पेन टेकवून कोणी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. एका तरुण कोपायलटने मात्र एकदा विचारलं होतं, "सर, कालपेक्षा आज सातशे मैल जास्त आणि इंधन कमी कसं?" त्याला वाऱ्याचा नकाशा दाखवला. जपानच्या पूर्वेला लांब लांब बाणांचा एक जाड पट्टा होता आणि आमची रेघ मुद्दाम वाकवून त्या पट्ट्यात घातलेली होती.

याचंच मोठं उदाहरण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं तेव्हा ते अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेने जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, चौदाशे किलोमीटर जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. भागाकार करा: ताशी १,०५५ किलोमीटर सरासरी. विमान तेच, इंजिनं तीच. जास्तीचं सगळं वाऱ्याने दिलं. सिंगापूरवर काट मारू नका म्हटलं ते यासाठी. तिकडून पॅसिफिक ओलांडताना हाच वारा पाठीशी असतो, त्यामुळे सुमारे १३,६०० किलोमीटरचा तो दुसरा टप्पा हिवाळ्यात अंतराच्या मानाने लवकर संपतो. एकूण प्रवास तरीही लांबच पडतो, पण कागदावरच्या १७,४०० ला घाबरायचं कारण नाही.

दर वेळी कोणीतरी हमखास म्हणतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असं होतं, विमान वर गेलं की खालून जमीन सरकते. तसं नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. लोहगावला उडालेलं विमान पाच मिनिटं घिरट्या घालून खाली आलं तर खाली लोहगावच असतं.

मग परत येताना काय? तेव्हा डिस्पॅचरसमोर दोन्ही बाजू असतात. पश्चिमेने, पॅसिफिकच्या बाजूने आलात तर वारा तोंडावर. तो चुकवायला मग उत्तरेकडे सरकायचं, कारण ध्रुवाजवळ जेट स्ट्रीमचा जोर फारसा नसतो. किंवा उलट पूर्वेने, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून यायचं, अंतर वाढलं तरी वारा पाठीशी. कुठली बाजू स्वस्त पडते हे त्या दिवशीचा वारा सांगतो. सॅन फ्रान्सिस्को आपल्या इतकं समोर असल्यामुळेच ही निवड मिळते. न्यूयॉर्कला जाताना ती मिळत नाही. साधारण हिशेब हवा असेल तर, मुंबईहून थेट विमान जात असताना जायला सोळा तासांच्या आसपास आणि यायला सतरा किंवा त्याहून थोडे जास्त, असा अंदाज धरायचा. यापुढे मिनिटांत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

वाऱ्यानंतर वाट वाकवणारी दुसरी गोष्ट म्हणजे खालची जमीन. मघाशी दोरा लडाख आणि तिबेटच्या कडेवरून गेला. विमान सहसा तसं जात नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला झटपट दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण वरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू विमानाप्रमाणे बारा ते बावीस मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठारावर जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. खाली यायचं कुठे? म्हणून त्या पठाराला वळसा घालायचा, किंवा ठरावीक ठिकाणांहून बाहेर पडायच्या वाटा आधीच आखून ठेवायच्या.

पुढे उत्तरेला थंडीचा प्रश्न. आपल्याकडे भरतात ते जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांपर्यंत चालतं. बाहेर उणे ६५-७० अंश असेल तर पंखातलं इंधन तासातासाने गार होत जातं. ते फारच गार झालं तर वैमानिक थोडा खाली उतरतो, उबदार हवा शोधतो, आणि पुन्हा हिशेब बदलतो. अमेरिकेचे नियम ७८ अंश उत्तरेच्या वर गेल्यावर विमान ध्रुवीय प्रदेशात आलं असं मानतात. आपली पुण्याची रेषा त्याच्या थोडी खालीच राहते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आणलं गेलं, कॅप्टन झोया अग्रवाल आणि सगळ्या महिला वैमानिक. त्या वेळी १६,००० किलोमीटर असा आकडा बातम्यांत होता. दोन्ही शहरांतलं सरळ अंतर १४,००० आहे. तीच गोष्ट, आकडा कशाचा ते विचारायचं.

तिसरी आणि अलीकडे सगळ्यात त्रासाची गोष्ट, हवाई हद्दी. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत, आणि काही मार्ग त्यांना त्यामुळे थांबवावे लागले. भारतीय कंपन्या रशियावरून जातात, तो त्यांचा मोठा फायदा. पण त्याचीही दुसरी बाजू जून २०२३ मध्ये दिसली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरवलं गेलं. दोनशेच्या वर प्रवासी, राहायला धड हॉटेलं नाहीत, शाळेत वगैरे सोय केली आणि दुसरं विमान पाठवून सगळ्यांना पुढे नेलं. गोलावर मगदान शोधा. आपल्या दोऱ्यापासून ते दीड हजार किलोमीटरहूनही दूर आहे. प्रत्यक्ष विमान दोऱ्यावरून किती बाजूला असू शकतं, ते तिथे कळतं.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि मग ते महिन्या-महिन्याने वाढवत नेलं. याचा फटका पश्चिमेला जाणाऱ्या, विशेषतः दिल्लीच्या विमानांना बसला. काही विमानांना युरोपात इंधनासाठी थांबावं लागलं. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को मार्गावरही कोलकात्याला थांबा आला. म्हणून तिकिटावर "नॉन-स्टॉप" आणि "डायरेक्ट" हे दोन शब्द वेगळे वाचायचे. डायरेक्ट म्हणजे विमानाचा नंबर बदलणार नाही, मधे उतरणार नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. हे मार्ग कंपन्या सुरू करतात, कमी करतात, बंदही करतात, त्यामुळे मागच्या वर्षी शेजारचे काका कसे गेले यावर अवलंबून राहू नका. तुमच्या तारखेचं वेळापत्रक बघा.

तिकिटावरचा वेळ कुठून कुठपर्यंत मोजतात तेही जाता जाता सांगतो. दरवाजाजवळून विमान मागे ढकलायला लागल्यापासून तिकडे पोचून उभं राहीपर्यंत. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत गर्दीच्या वेळी नुसतं रांगेत सरकत धावपट्टीपर्यंत जायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तीही त्यात आली. शिवाय कंपनी थोडा राखीव वेळ घालून ठेवते. म्हणून वीस मिनिटं उशिरा उडालेलं विमान कधी कधी वेळेआधी पोचतं आणि लोक वैमानिकाचं कौतुक करतात.

आणि घड्याळ. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, एरवी साडेतेरा तास. मुंबईहून जानेवारीत दुपारी दोनला निघालात आणि सोळा तास लागले तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा. साडेतेरा वजा केले की तिकडे निघाल्याच्याच तारखेचे दुपारचे साडेचार. तिकीट पाहून आईंना वाटेल की अडीच तासांत अमेरिका. उड्डाणाचा वेळ काढायचा असेल तर दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा आणि मग वजाबाकी करा, नाहीतर येतानाचा प्रवास तीस तासांच्या वर दिसतो आणि एजंटशी उगाच भांडण होतं.

आता आई-बाबांना कसं पाठवायचं. माझ्या मते त्यांच्या वयाला किलोमीटर आणि हवेतले तास यांपेक्षा मधली बदली आणि जमिनीवरचा पहिला टप्पा जास्त महत्त्वाचा.

मुंबईहून निघायचं ठरवलंत तर सिंहगड रस्त्यावरून मुंबईच्या विमानतळापर्यंत दीडशेच्या पुढे किलोमीटर आहेत. हवेतून पुणे-मुंबई १२४. या दीडशे किलोमीटरचा वेळ १३,५०० किलोमीटरच्या वेळेपेक्षा जास्त बेभरवशाचा. मोकळा रस्ता असेल तर साडेतीन तास, आणि बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला, पावसात दरड आली किंवा लोणावळ्याला निघालेल्या शनिवारच्या गाड्या पुढे आल्या, की सहा. मी सत्तरीच्या माणसांसाठी आठ तास आधी घर सोडायला सांगतो. लोक हसतात, पण सांगतो. जमलं तर आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय, पनवेल आपल्याला जवळ पडतं, तर तिथून सोयीचं काही निघतंय का तेही तपासा.

दिल्लीमार्गे गेलात तर लोहगावपर्यंत रिक्षाने जाता येतं, घाट नाही, आणि अंतर वाढत नाही हे वर बघितलंच. पण दोन अटी. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवं. मग सामान पुण्यात दिलं की तिकडेच मिळतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. पाच-सात हजार वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं चुकलं, तर दुसरं गेलं. दुसरी अट महिन्याची. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्लीच्या धुक्यात सकाळची विमानं तासन् तास अडकतात. त्या दिवसांत मधला वेळ तीन तासांचा असेल तर ते तिकीट घेऊ नका. पाच-सहा तास असले तरी चालतील, कंटाळा येईल एवढंच. एरवी तीन ते चार तास पुरेत.

दुबई, अबू धाबी, दोहा किंवा सिंगापूरमार्गे काही स्वस्त मिळालं तरी दुसरा टप्पा जवळपास थेट उड्डाणाएवढाच लांब राहतो, पण फ्रँकफर्टमार्गे प्रवास दोन साधारण तुकड्यांत विभागला जातो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सलग सोळा तासांपेक्षा हे कधी कधी सोसतं. पण इंग्रजीची भीती असेल, पहिलीच खेप असेल, तर परक्या देशात मध्यरात्री गेट शोधत फिरण्यापेक्षा सलग सोळा तास बरे. हा निर्णय त्यांना विचारून घ्या, वेबसाइटला विचारून नको.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, दोघांसाठी. चालता येत असलं तरी मागा. मोठ्या विमानतळावर गेटपर्यंतचं चालणं एक-दीड किलोमीटर सहज होतं. औषधांच्या वेळा प्रवासात कुठल्या घड्याळाने पाळायच्या, पायावर दाब देणारे मोजे घालायचे का, हे डॉक्टरांना आधी विचारा, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. दर दोन तासांनी उठून चार पावलं टाकायची, पाणी प्यायचं. खिडकीच्या खुर्चीचा आग्रह बाबा धरतील, त्यांना मधल्या वाटेकडची द्या.

परतीला एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकेहून येताना भारतात जिथे आधी उतरतात तिथेच साधारणपणे इमिग्रेशन आणि कस्टम्स होतात. म्हणजे दिल्लीला बॅगा घेऊन बाहेर यायचं आणि पुण्यासाठी पुन्हा द्यायच्या. त्यासाठी मधे चार तास हवेत, शिवाय समोरच्या वाऱ्याने विमान उशिरा येण्याची शक्यता परतीलाच जास्त.

भावाला सांगा, वेळापत्रकातली वेळ न बघता फ्लाइट नंबर टाकून विमान प्रत्यक्ष कुठे आहे ते मोबाइलवर बघायचं. सॅन फ्रान्सिस्कोला समुद्रावरून सकाळी खालच्या ढगांचा थर येतो, आणि तिथल्या जोडीच्या धावपट्ट्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की ढग असले की उतरणाऱ्या विमानांची संख्या कमी करावी लागते. तेव्हा शेवटची पंधरा-वीस मिनिटं घिरट्यांत जाऊ शकतात. सॅन होजेहून विमानतळ पन्नासेक किलोमीटर आहे. विमान टेकल्याचं दिसलं की त्याने घरून निघावं. इमिग्रेशनची रांग, बॅगा आणि लोणच्याच्या बरणीबद्दलची चौकशी आटोपून आई-बाबा बाहेर येईपर्यंत तो आरामात पोचलेला असेल.